भोक किती लहान, यापेक्षा आत काय उरलं ते विचारा

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर एक ओळ असते: "लेफ्ट किडनी, लोअर कॅलिक्समध्ये ११ एमएम कॅल्क्युलस, माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस." कॅल्क्युलस म्हणजे मुतखडा. घरातल्या सगळ्यांचं लक्ष त्यातल्या ११ एमएमवर जातं आणि सल्ले सुरू होतात. शेजारच्यांचा म्हणे १४चा होता, कुळथाच्या पाण्यानं पडला. डोंबिवलीच्या आत्याच्या जावेचा लेझरनं काढला, टाका नाही की काही नाही, दुसऱ्या दिवशी घरी. मी आरोग्यविषयक लेखन करते, म्हणून अशा रिपोर्टचे फोटो ओळखीपाळखीतून माझ्याकडे येतात. सोबत बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो, "ताई, दुर्बिणीनं होईल ना?"

होईल. मुंबईत आज मुतखड्यासाठी कंबरेत मोठा छेद घ्यायची वेळ फार क्वचित येते. परळचं केईएम, सायन, नायर, जे.जे. या सगळ्या सार्वजनिक रुग्णालयांत युरॉलॉजीचे स्वतंत्र विभाग आहेत आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया तिथे रोजच्या झाल्या आहेत. त्यामुळे आता पुढचं विचारायला हवं: कुठल्या दुर्बिणीनं, तिनं खडा पूर्ण निघेल का, आणि किडनीला त्याचा त्रास किती होईल? मुतखड्यावरचं गेल्या पंधरा-वीस वर्षांतलं बरंचसं संशोधन याच प्रश्नांभोवती फिरतंय. जाहिरातीत मात्र "बिनटाक्याची शस्त्रक्रिया" एवढंच येतं आणि रुग्णही तेवढंच धरून बसतो.

रिपोर्टमधले बाकीचे शब्द

किडनीत तयार झालेली लघवी तिथल्या लहान लहान कप्प्यांत उतरते. या कप्प्यांना कॅलिक्स म्हणतात. सगळे कप्पे एका पिशवीत उघडतात आणि तिथून मूत्रनलिका खाली मूत्राशयाकडे जाते. ही नळी २५ ते ३० सेंटिमीटर लांब असली तरी आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद असते. त्यातही तीन जागा जास्त अरुंद: किडनीतून निघते तिथे, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथे, आणि मूत्राशयात शिरते तिथे. कप्प्यात पडून असलेला खडा वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. तो नळीत उतरला, लघवी तुंबली आणि किडनी ताणली गेली की कमरेपासून जांघेपर्यंत अशी कळ येते की माणूस गडाबडा लोळतो.

हायड्रोनेफ्रोसिस म्हणजे लघवी तुंबून किडनी फुगणं. माझ्या मते वरच्या ओळीतला हा शब्द ११ एमएमपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. खालच्या कप्प्यात स्वस्थ पडलेला खडा अख्खी किडनी सहसा फुगवत नाही. मग ती फुगली कशानं? कदाचित नळीत दुसरा, लहान खडा अडकलेला असेल. नळीच्या मधल्या भागातले खडे सोनोग्राफीला बऱ्याचदा दिसत नाहीत. म्हणूनच डॉक्टर औषध न टोचता काढलेला साधा सीटी स्कॅन करायला सांगतात. घरच्यांना तो वाढीव खर्च वाटतो, पण खडा नेमका कुठे आहे, किती मोठा आहे, किती टणक आहे आणि आणखी किती आहेत हे त्यातच कळतं. टणकपणा हाउन्सफिल्ड युनिटमध्ये मोजतात. हा आकडा १०००च्या वर गेला की बाहेरून धक्के देऊन खडा फुटण्याची शक्यता कमी होते. उपचार ठरवताना या सगळ्याचा एकत्र विचार करावा लागतो. नळीच्या तोंडाशी आलेला ६ एमएमचा खडा आणि किडनीच्या तळाशी बसलेला ६ एमएमचा खडा यांचे उपचार वेगळे असतात.

थांबायचं कधी, धावायचं कधी

नळीत उतरलेला खडा आपोआप पडू शकतो. ५ एमएमपर्यंतचे साधारण तीनात दोन पडतात, ५ ते १० एमएममधले निम्म्याच्या आसपास. कुळथाच्या पाण्याची कीर्ती बरीचशी या आकड्यांवर उभी आहे. जो खडा पडणारच होता तो पडतो आणि श्रेय कढणाला जातं. कढण जरूर प्या, पातळ पदार्थ पोटात जातो हे चांगलंच आहे, पण त्याच्या भरवशावर महिने काढू नका.

कळ आली की काय द्यावं यावर कतारमध्ये एक मोठी चाचणी झाली आणि ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. सोळाशेवर रुग्णांपैकी काहींना डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, काहींना शिरेतून पॅरासिटामॉल आणि काहींना मॉर्फिन दिलं. डायक्लोफेनॅकनं मॉर्फिनपेक्षा चांगला आराम पडला. म्हणजे कोपऱ्यावरच्या दवाखान्यातलं ते साधं इंजेक्शन अगदी शास्त्रशुद्ध आहे. फक्त किडनी आधीच कमजोर असेल तर ते चालत नाही, म्हणून डॉक्टरांना तसं सांगायला हवं.

खडा उतरावा म्हणून टॅमसुलोसिनची गोळी सर्रास लिहून दिली जाते. तिच्याबद्दल २०१५ साली ब्रिटनमधल्या चाचणीनं सगळ्यांना थबकायला लावलं. अकराशेवर रुग्णांत, पुढच्या चार आठवड्यांत आणखी कुठल्या उपचाराची गरज न पडलेले टॅमसुलोसिन घेणाऱ्यांत ८१ टक्के होते आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ८० टक्के. फरक जवळपास शून्य. त्यानंतर २०१८ साली चीनमध्ये तीन हजारांवर रुग्णांवर झालेल्या चाचणीत नळीच्या खालच्या टोकाच्या, ५ एमएमहून मोठ्या खड्यांना थोडा फायदा दिसला. त्यामुळे आज अनेक डॉक्टर ही गोळी निवडक रुग्णांनाच देतात. तुम्हाला ती दिली नाही तर डॉक्टर निष्काळजी आहेत असं समजू नका.

आता धावायचं कधी. खडा अडकलेला असताना थंडी वाजून ताप आला तर एक रात्रही काढू नये. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले की ते रक्तात जातात आणि काही तासांत माणूस अत्यवस्थ होतो. अशा वेळी खडा काढायची घाई नसते. आधी आतून स्टेंट (मूत्रनलिकेत ठेवायची बारीक नळी) घालून किंवा पाठीतून किडनीत बारीक नळी टाकून लघवीला वाट करून देतात, अँटिबायोटिक देतात आणि ताप पूर्ण गेल्यावर खड्याकडे वळतात. "ॲडमिट केलं, ऑपरेशनही केलं, पण खडा तसाच ठेवला" अशी नातेवाइकांची तक्रार मी बरेचदा ऐकते. त्या क्षणी तोच बरोबर उपचार असतो.

दुसरा धोका याच्या उलटा आहे, त्यात काहीच होत नाही. कळ आली, गोळी घेतली, दुखायचं थांबलं, माणूस कामाला लागला. खडा मात्र नळीत तसाच. काही दिवसांनी तुंबलेली किडनी लघवी कमी तयार करू लागते, ताण कमी होतो आणि वेदनाही जाते. आतून किडनी मरत असते. पूर्ण अडथळा चार-सहा आठवड्यांवर राहिला तर झालेलं नुकसान भरून येईलच असं नाही. दुखणं थांबलं म्हणजे खडा पडला, हा समज मुंबईच्या धावपळीत फार महाग पडतो. खडा डोळ्यांनी पडलेला दिसला नसेल तर पुन्हा तपासणी करायलाच हवी.

बाहेरून धक्के

डॉर्निये ही जर्मन कंपनी विमानं बनवायची. आवाजापेक्षा वेगानं उडणाऱ्या विमानांवर पावसाचे थेंब आदळले की पत्र्याचं नुकसान का होतं, याचा अभ्यास करताना तिथल्या तंत्रज्ञांचं लक्ष धक्कालहरींकडे गेलं. त्यातून पुढे म्यूनिकमध्ये क्रिस्टियान शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ फेब्रुवारी १९८० रोजी पहिल्या रुग्णाचा खडा शरीराला कुठेही छेद न देता फोडला. त्या वेळी रुग्णाला पाण्यानं भरलेल्या टबात बसवावं लागायचं. आता टेबलावर झोपवून तेच करतात. आपल्याकडे याला लिथोट्रिप्सी म्हणतात.

या शोधानं मुतखड्याच्या उपचाराची दिशाच बदलली. तरी आज तिचा वापर कमी होत चाललाय आणि त्याला कारण आहे. धक्का बाहेरून देता येतो, पण फुटलेले तुकडे रुग्णाला स्वतःच लघवीवाटे बाहेर टाकावे लागतात. खालच्या कप्प्यातले तुकडे, तांब्याच्या तळाशी बसलेल्या गाळासारखे, वर चढून बाहेर पडत नाहीत. माणूस स्थूल असेल तर धक्का खड्यापर्यंत नीट पोचत नाही. ब्रिटनमध्ये मूत्रनलिकेतल्या खड्यांसाठी लिथोट्रिप्सी आणि दुर्बीण यांची तुलना सहाशेवर रुग्णांत झाली. २०२२ साली आलेल्या निष्कर्षात लिथोट्रिप्सीनंतर साधारण २२ टक्के रुग्णांना पुन्हा उपचार घ्यावे लागले, दुर्बिणीनंतर १० टक्क्यांना. काहींना यात लिथोट्रिप्सीची हार दिसेल. मी उलट वाचते: दहापैकी जवळपास आठ जणांचं काम भूल आणि शस्त्रक्रियेशिवाय झालं, खर्चही कमी आला. लहान, फार टणक नसलेल्या, सोयीच्या जागी असलेल्या खड्याला हा पर्याय आजही चांगला आहे आणि तो रुग्णाला निदान सांगितला तरी जावा.

पाठीतून: लहान आणि आणखी लहान

२ सेंटिमीटरहून मोठा खडा, किंवा कप्प्याकप्प्यांत फांद्या पसरून किडनीभर बसलेला खडा असेल तर पाठीतून जाणारी पीसीएनएल ही पहिली पसंती आहे. पाठीच्या बाजूनं किडनीच्या नेमक्या कप्प्यात सुई घालायची, वाट थोडी रुंद करायची, त्या वाटेनं दुर्बीण घालून खडा फोडायचा आणि तुकडे बाहेर ओढून काढायचे. स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी १९७६ साली खास खडा काढण्यासाठी अशी वाट केल्याचं पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. त्याआधी अशा रुग्णांना बरगडीखाली लांब छेद घ्यावा लागे, पुढचे कित्येक आठवडे वजन उचलता येत नसे, आणि पुन्हा खडा झाला की त्याच जागी पुन्हा छेद.

पीसीएनएलची वाट सुरुवातीला ८ ते १० एमएम रुंद असायची. किडनी हा रक्तानं भरलेला अवयव, प्रत्येक मिनिटाला शरीरातलं सुमारे लिटरभर रक्त दोन्ही किडन्यांतून वाहतं. म्हणून वाट अरुंद केली तर रक्तस्राव कमी होईल, हा विचार स्वाभाविक होता. १९९०च्या दशकाच्या अखेरीस मिनी-पर्क आलं. आणि २०११ साली आपल्या शेजारी, गुजरातमधल्या नडियादच्या मूळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटलमधून डॉ. महेश देसाई आणि सहकाऱ्यांनी मायक्रोपर्कचा पहिला अनुभव प्रसिद्ध केला. १.६ एमएमच्या सुईतूनच बघायचं आणि त्याच सुईतून लेझरनं खडा फोडायचा, वाट रुंद करायचीच नाही. जगभरच्या युरॉलॉजिस्टांनी त्याची दखल घेतली आणि ते काम आपल्याकडच्या एका लहान शहरातून झालं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पण याच कामानं एक मर्यादाही दाखवून दिली. १.६ एमएमच्या वाटेनं तुकडा बाहेर काढता येत नाही. खड्याची भुकटीच करावी लागते आणि ती लघवीवाटे पडायची वाट बघावी लागते. शिवाय नजर स्वच्छ राहावी म्हणून शस्त्रक्रिया चालू असताना किडनीत सतत सलाइन सोडतात. वाट अरुंद असली की ते सलाइन परत यायला जागा राहत नाही आणि किडनीच्या आतला दाब वाढतो. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की आतलं पाणी, आणि त्यात जंतू असतील तर तेही, रक्तात ढकलले जातात. शस्त्रक्रियेनंतर हुडहुडी भरून ताप येण्याचं हे एक मोठं कारण. त्यामुळे मायक्रोपर्क साधारण दीड सेंटिमीटरच्या आतल्या खड्यांपुरतं राहिलं. नडियादच्याच डॉक्टरांनी या आकाराच्या खड्यांसाठी त्याची लवचिक दुर्बिणीशी तुलना केली तेव्हा दोन्ही गटांत खडा साफ होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच आलं.

मग मोठ्या खड्याला किती रुंद वाट योग्य? चीनमधल्या वीस रुग्णालयांत जवळपास दोन हजार रुग्णांवर झालेली आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेली चाचणी या बाबतीत फार उपयोगी आहे. २ ते ४ सेंटिमीटरच्या खड्यांसाठी ६ एमएमची वाट ८ एमएमच्या वाटेइतकीच परिणामकारक ठरली आणि रक्तस्राव कमी झाला. म्हणजे भोक लहान करण्यात फायदा आहे, पण एका टप्प्यापर्यंतच. त्याच्या खाली गेलं की वेळ वाढतो, दाब वाढतो आणि तुकडे मागे राहण्याची शक्यता वाढते. "सगळ्यात लहान भोक" म्हणजे "सगळ्यात चांगली शस्त्रक्रिया" असं समजणाऱ्या रुग्णाला हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवं.

लघवीच्या वाटेनं: लवचिक दुर्बीण आणि लेझर

जिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ती हीच, आरआयआरएस. साधारण ३ एमएम जाडीची, टोकाशी हवं तसं वळणारी दुर्बीण लघवीच्या नैसर्गिक वाटेनं थेट किडनीत नेतात. बाहेर एकही छेद नाही. आतून लेझरच्या केसासारख्या बारीक तंतूनं खडा फोडतात. २ सेंटिमीटरच्या आतल्या खड्यांसाठी ही पद्धत आता खूप रुळली आहे.

लेझरमध्येही स्पर्धा आहे. होल्मियम हा जुना, भरवशाचा. थुलियम फायबर हा नवा, जास्त बारीक भुकटी करणारा. नॉर्वेत झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत थुलियमच्या गटात तीन महिन्यांनी ९२ टक्के रुग्ण खडामुक्त होते, होल्मियमच्या गटात ६७ टक्के. हे आकडे आले आणि थुलियमचा बोलबाला झाला. पण पुढच्याच वर्षी, होल्मियमच्या सुधारित यंत्राशी तुलना केलेल्या अमेरिकी चाचणीत लक्षणीय फरक आढळला नाही. माझं मत असं की रुग्णानं लेझरच्या नावावरून हॉस्पिटल निवडू नये. लेझर हातात धरणाऱ्याचा अनुभव आणि शस्त्रक्रियेआधी लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी) केलं जातं की नाही, हे त्याहून जास्त मोलाचं. जास्त ताकदीचा लेझर सतत चालवला तर किडनीतलं पाणी तापतं आणि आतलं अस्तर भाजू शकतं, हेही अलीकडच्या प्रयोगांतून पुढे आलंय. वेगाला इथेही मर्यादा आहे.

दाबाची अडचण याही वाटेवर आहेच. म्हणून सध्या सगळ्यात उत्साहानं काम चाललंय ते शोषणावर. दुर्बिणीभोवती एक लवचिक आवरण-नळी असते. तिचं टोक आता वळवून थेट कप्प्यापर्यंत नेता येतं आणि तिला सक्शन जोडता येतं. भुकटी आणि पाणी दोन्ही बाहेर खेचले जातात, दाब खाली राहतो, तुकडे मागे राहण्याची शक्यता कमी होते. सुरुवातीचे निष्कर्ष आशादायक आहेत.

खडामुक्त म्हणजे नेमकं काय

शस्त्रक्रिया झाली, डिस्चार्ज मिळाला, कागदावर "कम्प्लीट क्लिअरन्स" लिहिलंय. कशावरून? काही ठिकाणी सर्जनला दुर्बिणीतून काही दिसलं नाही म्हणून. काही ठिकाणी साध्या एक्स-रेवरून, काही ठिकाणी सोनोग्राफीवरून. सीटी केला तर त्याच रुग्णात २-३ एमएमचे तुकडे सापडू शकतात. पूर्वी ४ एमएमपर्यंतच्या तुकड्यांना "बिनमहत्त्वाचे" म्हणायची पद्धत होती. आता तसं म्हणायला युरॉलॉजिस्ट कचरतात, कारण हेच तुकडे पुढच्या खड्याचं बीज होतात.

यावरचा एक सुरेख अभ्यास २०२२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. मोठ्या खड्यासाठी शस्त्रक्रिया होत असलेल्या रुग्णांच्या किडनीत काही लहान, न दुखणारे खडेही होते. निम्म्यांचे ते त्याच वेळी काढले, निम्म्यांचे राहू दिले. सरासरी चार वर्षांत काढलेल्यांपैकी १६ टक्क्यांना पुन्हा त्रास झाला, न काढलेल्यांपैकी ६३ टक्क्यांना. रुग्णांची संख्या लहान होती, पण फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही. म्हणून शस्त्रक्रियेआधी विचारा: बाकीचे लहान खडे त्याच वेळी काढणार का? आणि नंतर, महिना-तीन महिन्यांनी, आत काही उरलंय का हे कशानं तपासणार?

आत उरणारी आणखी एक वस्तू म्हणजे स्टेंट. दोन्ही टोकांना वळलेली ही डीजे नळी शस्त्रक्रियेनंतर सूज उतरेपर्यंत लघवी वाहती राहावी म्हणून ठेवतात. तिचा त्रास होतो, वारंवार लघवीला लागतं, कधी लघवीत रक्त दिसतं. काही जणांना मात्र काहीच जाणवत नाही आणि तेच जास्त धोक्यात असतात. मुंबईत ऑपरेशन करून माणूस गणपतीला कोकणात जातो किंवा काम संपलं म्हणून बिहार-उत्तर प्रदेशातल्या गावी परततो, आणि नळी विसरली जाते. काही महिन्यांत तिच्यावरच खडा चढू लागतो. वर्षानुवर्षं राहिली तर ती तुटते, किडनीत रुतते, आणि जी बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत निघाली असती तिच्यासाठी दोन-तीन शस्त्रक्रिया लागतात. हे शंभर टक्के टाळता येण्यासारखं आहे, म्हणून मला त्याचं फार वाईट वाटतं. डिस्चार्ज कार्डावर स्टेंट काढण्याची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून घ्या आणि मोबाइलमध्ये रिमाइंडर लावा.

दुर्बिणीच्या किडनी शस्त्रक्रिया खड्यापुरत्या नाहीत. सेंट लुइसमध्ये राल्फ क्लेमन यांनी १९९० साली पोटावरच्या लहान छिद्रांतून पहिली पूर्ण किडनी काढली, त्याला सात तासांच्या आसपास लागले. १९९५ साली बाल्टिमोरमध्ये जिवंत दात्याची किडनी अशाच पद्धतीनं काढली गेली आणि नातेवाइकाला किडनी देणाऱ्यांचं भय बरंच कमी झालं. आज रोबोटच्या मदतीनं फक्त गाठ काढून उरलेली किडनी वाचवता येते. मुतखड्याशी याचा संबंध दोन ठिकाणी येतो. किडनीतून नळी निघते ती जागाच जन्मतः अरुंद असेल तर नुसता खडा काढून भागत नाही, तो जोड दुर्बिणीनं दुरुस्त करावा लागतो. आणि दुसरा संबंध दुःखद: दुर्लक्षित खड्यानं निकामी झालेली, पू भरलेली किडनी काढून टाकावी लागते.

पुन्हा होऊ नये म्हणून

इटलीतल्या बोर्गी यांच्या १९९६ सालच्या अभ्यासात एकदा खडा होऊन गेलेल्या निम्म्या लोकांना रोज दोन लिटरहून जास्त लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगितलं. पाच वर्षांत त्यांच्यातल्या १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, बाकीच्यांतल्या २७ टक्क्यांना. कुठल्याही यंत्राशिवाय निम्म्याहून जास्त फरक. उलट, वर्षानुवर्षं खडा टाळण्यासाठी दिली जाणारी हायड्रोक्लोरोथायझाइडची गोळी २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधल्या मोठ्या चाचणीत फारसा उपयोग दाखवू शकली नाही.

पण "पाणी प्या" हे मुंबईत सांगायला जितकं सोपं तितकं करायला नाही. इथे मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात अंगातलं पाणी घामावाटे जातं, लघवी घट्ट होते. आणि कसाऱ्याहून किंवा विरारहून निघालेली बाई फोर्टमधल्या ऑफिसात पोचेपर्यंत मुद्दाम पाणी पीत नाही, कारण वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नाही. रस्त्यावर भाजी विकणाऱ्या मावशी, बांधकामावरच्या मजूर बायका, सगळ्यांचं हेच. मुंबईतल्या बायकांनी 'राइट टू पी'ची चळवळ उभी केली, ती प्रतिष्ठेसाठी होती तशीच ती किडनीसाठीही आहे. ट्रॅफिक हवालदार आणि रिक्षाचालक यांची अवस्थाही फार वेगळी नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर "तीन लिटर" लिहिताना हे विचारायला हवं, की तुम्ही दिवसभर असता कुठे आणि तिथे जायची सोय आहे का. सोय नसेल तर घरी पोचल्यावर आणि रात्री झोपताना भरपूर पिणं हा तोकडा का होईना, पण उपाय आहे. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी मात्र पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारावं.

खाण्याबद्दल सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज कॅल्शियमचा. खडा कॅल्शियमचा म्हणून दूध बंद! बोर्गी यांच्याच २००२ सालच्या अभ्यासात एका गटाचं कॅल्शियम कमी केलं. दुसऱ्या गटाचं कॅल्शियम नेहमीसारखं ठेवलं आणि मीठ व मांसाहार कमी केला. पाच वर्षांत कॅल्शियम तोडलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात २० टक्क्यांना. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्सलेट या खडा बनवणाऱ्या घटकाला धरून ठेवतं आणि बाहेर घालवतं. दूध तोडलं की ते ऑक्सलेट मोकळं सुटून लघवीत उतरतं. पालकाची ताकातली भाजी करणाऱ्या आपल्या आज्यांचा बेत या हिशेबात चांगला बसतो. पालक आणि अळू यांत ऑक्सलेट भरपूर असतं, त्यामुळे खडा होऊन गेलेल्यांनी अळूचं फदफदं सणासुदीपुरतं ठेवावं. टोमॅटोच्या बियांना मात्र उगाच बदनाम केलंय. खरा शत्रू मीठ. लोणचं, पापड, फरसाण, खारवलेली सुकी मासळी, वडापावसोबतची मीठ लावलेली मिरची. जास्त मिठानं लघवीत कॅल्शियम वाढतं. लिंबाचं पाणी चांगलं, कारण लिंबातलं सायट्रेट खडा धरू देत नाही, पण त्यात चमचाभर मीठ आणि चार चमचे साखर घातली तर फायदा निघून गेला. बिअरनं खडा वाहून जातो हे तर विसराच. नळी बंद असताना लघवीचा लोंढा वाढवला तर दुखणं तेवढं वाढतं.

शेवटी एक साधं काम, जे बहुतेक जण करत नाहीत. पडलेला किंवा काढलेला खडा फेकून देऊ नका. कळ येऊन गेल्यावर काही दिवस लघवी गाळणीतून किंवा पातळ फडक्यातून गाळा, खडा मिळाला तर कोरड्या डबीत घालून तपासणीला द्या. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्सलेटचे निघतील. पण काही युरिक ॲसिडचे असतात, मधुमेह आणि स्थूलपणा असलेल्यांत जास्त. हे खडे साध्या एक्स-रेत दिसत नाहीत, आणि लघवीची आम्लता कमी करणारं पोटॅशियम सायट्रेटसारखं औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली नेमानं घेतलं तर ते विरघळतात. अशा माणसाला पुढच्या वेळी ना लेझर लागेल, ना दुर्बीण. फक्त त्याचा खडा कशाचा होता हे कागदावर लिहिलेलं असायला हवं.